स्टीलच्या रेघांची निगा

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळच्या डनमरी गावातल्या कारखान्यातून जानेवारी १९८१ मध्ये डीलोरियनची पहिली मोटार बाहेर पडली, तेव्हा तिच्या बाहेरच्या पत्र्यावर रंगाचा एक हातही नव्हता. इटलीचे जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेल्या त्या गाडीची आतली बॉडी फायबरग्लासची होती आणि त्यावर ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे, ब्रश फिनिशचे पत्रे बसवलेले होते. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. तोवर जेमतेम नऊ हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या होत्या. १९८५ साली ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाने ही गाडी जगाच्या ओळखीची केली. पण तिचे महत्त्व माझ्या लेखी आणखी एका गोष्टीत आहे. रंगवलेल्या गाडीवर ओरखडा आला, पोचा पडला, तर लांबी भरून वर रंग मारता येतो. इथे झाकायला काहीच नाही; जो धातू आहे तोच दिसणार. त्यामुळे या गाड्यांच्या मालकांना चार दशके उघड्या स्टीलची निगा राखण्याचे शास्त्र हाताने शिकावे लागले. त्यांच्या अनुभवाचे आणि धातुविज्ञानाचे बोट एकाच दिशेला आहे: ब्रश फिनिशचे स्टील धुवायचे असते, त्याला पॉलिश करायचे नसते.

हे आपल्याकडच्या वाचकालाही लागू पडते, कारण डीलोरियन कुणाच्या दारात नसली तरी अशा स्टीलचे तुकडे पुष्कळ गाड्यांवर असतात. दार उघडल्यावर पायाखाली येणारी, गाडीचे नाव कोरलेली पट्टी, जीपवजा गाड्यांचे पायदान, डिकीच्या ओठावरचा पत्रा, सायलेन्सरचे टोक. यातले बरेचसे ॲक्सेसरीच्या दुकानातून नंतर बसवलेले. सहा महिन्यांत ते मळकट दिसायला लागतात आणि मग घरात जे हाताशी असेल ते घेऊन माणूस घासायला बसतो. हेतू चांगलाच असतो. परिणाम बहुतेक वेळा असा होतो की मळ जातो आणि त्याबरोबर पट्टीचे रूपही जाते, ते सहजासहजी परत येत नाही.

ते रूप कशात आहे हे आधी पाहायला हवे. कारखान्यात स्टीलचा पत्रा साधारण १५० ते १८० नंबरच्या घर्षण-पट्ट्याखालून एकाच दिशेने सरकवतात. त्यामुळे पृष्ठभागावर बारीक, समांतर चऱ्या उमटतात. पट्टी उन्हात धरून डोळ्यांजवळ नेली तर दिसते की रेघा सलग नाहीत. कुठे दोन बोटे लांब, कुठे अर्धे बोट, एक संपते तिथे शेजारची सुरू झालेली. पण सगळ्यांची दिशा मात्र एक. प्रकाश या रेघांच्या आडव्या अंगाने पसरतो, म्हणून पट्टी जराशी तिरकी केली की उजेडाचा एक मऊ पट्टा तिच्यावरून सरकतो. ब्रश फिनिशचे सगळे देखणेपण या शिस्तीत आहे. आता त्यावर गोल गोल हात फिरवला, तर नव्या रेघा जुन्या रेघांना छेदून जातात. प्रत्येक छेद प्रकाश भलत्याच दिशेला फेकतो आणि एरवी शांत दिसणाऱ्या पत्र्यावर पांढुरका, ढगाळ डाग उमटतो. तो डाग मळाचा नसतो, म्हणून कितीही धुतले तरी जात नाही. माणसाला वाटते, अजून घासायला हवे. डाग पसरत जातो.

यावर घरातला अगदी स्वाभाविक प्रश्न असा, की आपल्या ताट-वाट्या, पातेली, डबे हेही स्टेनलेस स्टीलच. ती रोज दोन वेळा तारेच्या घासणीने घासली जातात, आणि वर्षानुवर्षे टिकतात. मग गाडीच्या पट्टीचेच एवढे लाड कशाला? जुने ताट उजेडात धरून पाहिले तर उत्तर त्यावरच लिहिलेले आहे. त्यावर चहूबाजूंनी हजारो ओरखडे असतात. ते इतके असतात आणि इतके एकमेकांत मिसळलेले असतात, की डोळ्याला त्यांची सवय होऊन जाते. ताटाच्या पृष्ठभागाला मुळात दिशाच नव्हती, त्यामुळे मोडण्यासारखे काही नव्हते. दुसरे असे, की भांडी टिकतात ती घासणीमुळे नव्हे. ती रोज भरपूर पाण्याने धुतली जातात, पालथी घालून निथळवली जातात, म्हणून टिकतात. गाडीच्या वाट्याला घासणी येते, रोजचे धुणे-निथळणे येत नाही.

स्टीलला गंज का लागत नाही हे कळले, की घासण्याचा आग्रह आपोआप सैल होतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद वितळवले. तेव्हापासून या धातूच्या शेकडो जाती निघाल्या, पण मूळ युक्ती तीच राहिली. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर बसतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा हिस्साही नाही. डोळ्याला तो दिसत नाही. ओरखडा पडला तर स्वच्छ धातूवर हवा लागताच तो पुन्हा तयार होऊ लागतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे तसे नाही, रंगाचेही नाही. ते गेले की गेले. म्हणजे स्टेनलेस स्टीलचे संरक्षण करायला वरून काही चोपडावे लागत नाही. त्या थराला फक्त दोन गोष्टी हव्यात: पृष्ठभाग स्वच्छ असावा आणि हवा त्याच्यापर्यंत पोचावी. १९३६ साली अमेरिकेत अलिगेनी स्टील आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून स्टेनलेस स्टीलच्या मोजक्या फोर्ड गाड्या तयार केल्या होत्या. त्यातल्या काही आजही सुस्थितीत आहेत.

तरीही स्टीलवर तांबूस ठिपके येतात, ही वस्तुस्थिती आहे. टेस्लाच्या सायबरट्रकची विक्री नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांतच काही मालकांनी पावसानंतर अंगावर नारिंगी ठिपके आल्याच्या तक्रारी केल्या. स्टेनलेस गंजते कसे, यावर बरीच चर्चा झाली. कंपनीकडून आलेला खुलासा असा, की गंज ट्रकच्या पत्र्याला लागलेला नसून त्यावर येऊन बसलेल्या लोखंडाच्या कणांना लागलेला आहे. हे कारण धातुविज्ञानाला नवे नाही आणि आपल्याकडे तर ते पावलोपावली आहे. रेल्वेमार्गाजवळची धूळ, ब्रेकच्या डिस्क झिजून उडणारी पूड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅरेजमध्ये शेजारच्या गाडीवर किंवा गेटवर ग्राइंडर चालू असताना उडणाऱ्या ठिणग्या. ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो स्टीलवर पडतो, चिकटतो, आणि पहिला पाऊस लागला की टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा ठिपका उमटतो. आता त्यावर साध्या तारेची घासणी किंवा लोखंडी वायर ब्रश चालवला तर काय होते? ठिपका जातो, पण घासणीतून सुटलेले लोखंड रेघांमध्ये भरले जाते. आठ दिवसांनी एकाच्या जागी पंचवीस ठिपके दिसतात. माणूस स्टीलच्या प्रतीला दोष देतो, आणि दोष खरे तर घासणीचा असतो. अशा ठिपक्यांना ऑक्झॅलिक ॲसिड असलेला, स्टीलसाठीच मिळणारा क्लीनर पुरतो. तो गंज विरघळवतो. ओल्या मऊ कापडावर थोडासा घ्यायचा, मिनिटभर राहू द्यायचा, रेघांच्या दिशेने हलकेच पुसायचा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायचा. हातमोजे घालावेत; हे ॲसिड विषारी आहे.

लोखंडापेक्षा मोठा शत्रू मीठ. क्लोराइडचे कण तो अदृश्य थर एकेका बिंदूपाशी फोडतात, आणि तिथे टोचल्यासारखी बारीक छिद्रे पडतात. ऑस्ट्रेलियातल्या स्टेनलेस उद्योगात समुद्राकाठच्या स्टीलवर चढणाऱ्या तपकिरी छटेला चहाचा डाग असेच म्हणतात. फुटणाऱ्या लाटांपासून साधारण पाच किलोमीटरच्या पट्ट्यात तो जास्त आढळतो, असा तिथला अनुभव आहे. मालवण, रत्नागिरी, अलिबाग, पणजी, मुंबईचा पश्चिम किनारा हे सगळे या हिशेबात बसते. इथे एक गोष्ट पहिल्यांदा उलटी वाटेल: पावसात भिजणारा भाग तुलनेने स्वच्छ राहतो आणि आडोशाचा भाग डागाळतो. कारण पाऊस मीठ धुऊन नेतो. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी, पायदानाची खालची बाजू, सायलेन्सरचे टोक यांना तो धुऊन काढत नाही. तिथे खारा दमट वारा मात्र पोचतो. त्यात ब्रश फिनिशच्या चऱ्या म्हणजे नांगरलेल्या शेतातल्या सऱ्याच. मीठ आणि धूळ त्यांत बसून राहतात. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे भाग आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतले, तरी कोणत्याही महागड्या पॉलिशपेक्षा जास्त काम होते. याच कारणाने फरशी-संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर स्टीलच्या जवळपासही नकोत. दोन्हींत क्लोरीनची संयुगे असतात. डाग झटकन जातो खरा, पण धातू आतून पोखरायला तिथूनच सुरुवात होते.

इथे एक जाणकार हरकत घेईल, आणि ती मला सगळ्यात वजनदार वाटते. चऱ्यांमध्ये मीठ साचत असेल, तर पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका डाग कमी लागणार. मग पॉलिश करून चऱ्या घालवणेच शहाणपणाचे नाही का? तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर आहे. समुद्राकाठच्या इमारतींसाठी गुळगुळीत फिनिश सुचवतात ते याचसाठी. पण आरशासारख्या फिनिशपर्यंत पोचायला स्टील क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या नंबरांतून न्यावे लागते, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण घालवावे लागतात आणि शेवटी बफवर चढवावे लागते. बाटलीतले पॉलिश आणि रविवारची सकाळ एवढ्यावर ते होत नाही. होते ते असे, की चऱ्यांचे माथे थोडे झिजतात, तळ तसेच राहतात, आणि त्या तळांत पॉलिशचा पांढरा गाळ भरतो. पत्रा ना आरसा राहतो ना ब्रश फिनिश. ज्याला खरोखर आरसा हवा आहे, त्याने तो भाग काढून बफिंगवाल्याकडे द्यावा आणि पुरता आरसा करून घ्यावा. त्यात गैर काही नाही. मात्र नंतर त्यावर प्रत्येक बोट, प्रत्येक ओरखडा उठून दिसेल. ब्रश फिनिश वापरायला सोपे आहे ते अशासाठी, की रेघांच्या दिशेचे बारीकसारीक ओरखडे ते पोटात घेते.

रोजची निगा त्यामानाने फार साधी आहे, पण तिचा क्रम महत्त्वाचा. आधी नुसते पाणी, तेही सढळ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यातला क्वार्ट्झ स्टीलपेक्षा कठीण असतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे म्हणजे स्टीलवर फार बारीक पॉलिश पेपर फिरवणेच होय. सोसायट्यांमध्ये सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने ओळीने दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. त्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ शेवटच्या गाडीपर्यंत पोचतो. दोष पुसणाऱ्याचा नाही. त्याला जेवढे पाणी आणि जेवढा वेळ दिला जातो, त्यात दुसरे काही शक्य नसते. स्टीलच्या भागांपुरते स्वच्छ पाणी आणि वेगळे मायक्रोफायबरचे कापड मालकाने त्याच्या हाती द्यावे. पाण्यानंतर सौम्य साबण, हात रेघांच्या दिशेने, पुन्हा पाणी, आणि लगेच कोरडे करणे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, आणि उन्हात थेंब जागच्या जागी सुकला की त्याचे पांढरे वर्तुळ उरते. तेही घासून काढायची गरज नाही. पांढरे व्हिनेगर दुप्पट पाण्यात मिसळून लावले की क्षार सुटतात. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, चिरडलेले किडे, डांबर यांना पुढच्या धुण्याची वाट पाहू द्यायची नाही. सायबरट्रकच्या मालकांसाठीच्या पुस्तिकेतही हे सगळे तत्काळ काढावे आणि चिवट डांबरासाठी स्पिरिट वापरून जागा लगेच साबणपाण्याने धुवावी, असेच सांगितले आहे.

आणि ओरखडा पडलाच तर? इथे स्टील रंगापेक्षा उदार आहे. डीलोरियनचे मालक पत्र्याच्या रेघा घरच्या घरी पुन्हा ओढतात, कारण धातू आरपार एकच आहे. खरवडून उघडे पडेल असे खाली दुसरे काही नाही. पद्धत अशी. आजूबाजूचा रंग आणि रबर मास्किंग टेपने झाका. नायलॉनच्या धाग्यांत घर्षक कण बसवलेला वर्कशॉपमधला तांबूस पॅड, किंवा पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर घ्या. सुरुवात अंदाजापेक्षा बारीक नंबरने करावी. खोल रेघा पाडणे सोपे, भरून काढणे अशक्य. पॅड सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळला की बोटांचा दाब एका जागी पडत नाही. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एकाच दिशेने, सारख्या दाबाने ओढायचे, उचलायचे, पुन्हा सुरुवातीपासून ओढायचे. मध्ये थांबले की तिथे खूण राहते, आणि हात टोकाशी वळला की रेघ वाकते. एवढ्याशा ओरखड्यासाठी संपूर्ण पट्टीवरून हात फिरवावा लागतो, नाहीतर दुरुस्त केलेला भाग ठिगळासारखा उठून दिसतो. नवा पॅड वापरावा; लोखंड घासलेला जुना नको, त्याचे कारण वर आलेच आहे. शेवटी चांगले धुऊन कोरडे करून ठेवले की संरक्षक थर आपला आपण बसतो. हा उपाय वर्षाकाठी करायचा नाही, ओरखडा डोळ्यांत खुपतो तेव्हाच करायचा.

हे सगळे अर्थातच तो भाग स्टेनलेस असेल तरच. गाडीवर चमकणारे पुष्कळसे काही स्टेनलेस नसते. जुन्या ॲम्बॅसडर किंवा पद्मिनीचे बंपर साध्या पोलादावर क्रोमचा मुलामा दिलेले; आजच्या जाळ्या आणि पट्ट्या बहुतेक प्लास्टिकवर क्रोम चढवलेल्या. छतावरचे रूळ अनेकदा ॲल्युमिनियमचे. यांवर पॅड चालवला तर मुलामाच निघून जाईल. नखाने टिचकी मारल्यावर प्लास्टिक आवाजावरून कळते. लोहचुंबक मात्र अर्धीच साक्ष देतो: ३०४ जातीला तो सहसा चिकटत नाही, पण क्रोमियम असूनही निकेल नसलेल्या जातींना चिकटतो. दुकानातून घेतलेल्या पायदानांत, गार्डमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेली २०२ सारखी स्वस्त जातही सर्रास असते. तिला चुंबक चिकटत नाही, तरी ती दमट हवेत लवकर डागाळते. दुकानदाराला जात विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी.

मेण, तेल, सिरॅमिक कोटिंग यांविषयी लोक हमखास विचारतात. तेलाचा पातळ हात बोटांचे ठसे झाकतो, हे खरे आहे, आणि घरातल्या फ्रिजवर तो चालूनही जातो. रस्त्यावरच्या गाडीवर तेलाला धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ ओरखडे काढते. मेण चऱ्यांत सुकून पांढरे राहते. पारदर्शक फिल्म हा त्यातला समजण्यासारखा पर्याय आहे, विशेषतः बुटांच्या टाचा रोज लागणाऱ्या उंबऱ्याच्या पट्टीवर; तिथे झीज होते ती फिल्मची होते. फक्त तिच्या कडा उचलल्या गेल्या की आत पाणी आणि मीठ अडकते, हवा पोचत नाही, आणि स्टीलला जे नको तेच घडते. कड सुटलेली दिसली की फिल्म काढून टाकावी.

सायलेन्सरच्या टोकावर येणारी सोनेरी, जांभळी, निळी झाक मात्र मळही नाही आणि गंजही नाही. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाश त्यात वेगवेगळे रंग दाखवतो. वेल्डिंगच्या कारखान्यात हे रंग काढायला नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडची पेस्ट वापरतात. तिने हाडापर्यंत इजा होऊ शकते, घरी तिला हात लावायचा नाही. पॅडने रेघांच्या दिशेने ओढले तर रंग जातो, पण इंजिन तापले की परत येतो. काजळी ओल्या कापडाने पुसावी आणि ते रंग तसेच राहू द्यावेत.